पाटी पालथी

हरायलासुद्धा डोकं लागतं. जिंकायला लागतं त्याहून जास्तच लागतं. हे मला कुणा पुस्तकानं नाही, आमच्या गावच्या मिडल शाळेच्या अंगणानं शिकवलं. आता केस पिकले, अर्धे दात गेले, तरी त्या अंगणाचा विषय निघाला की माझ्या कपाळाची शीर उडते. घरचे म्हणतात, जाऊ दे ना, किती जुनी गोष्ट. जुनी झाली म्हणून काय झालं? माझा राग काही पेन्शनीत निघालेला नाही.

आमचं गाव शेलूबाजारापासून जवळच. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. घरचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कांद्याची पात काढायची आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या भरून न्यायच्या. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि मोठी माणसं त्यांना शिव्या देत होती, त्या वेळची ही गोष्ट. मी सहावीत होते. वर्गात मुली आम्ही मोजक्याच, खिडकीखाली वेगळ्या तरटावर बसायचो. गणित म्हणजे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असं रोज सकाळी ओरडून घसा बसवायचा आणि चुकलं की हातावर छडी खायची. ज्याला पाऊणकी घडाघडा येई त्याला पाऊण म्हणजे केवढं ते दाखव म्हटलं, तर तो गुरुजींच्या तोंडाकडे बघत राही.

मग नवे गुरुजी आले. बाहेरगावचे होते, तरुण, बारीक अंगाचे. त्यांनी आल्या आल्या छडी कपाटात ठेवली आणि आम्हाला ज्वारीचे वाळलेले धांडे आणायला सांगितले. धांड्यांच्या गाड्या आम्ही घरी करायचोच, पण शाळेत? गुरुजींनी एक अख्खा धांडा जमिनीवर ठेवला. दुसऱ्याचे दोन तुकडे केले, तिसऱ्याचे तीन, चौथ्याचे चार, असे कापत गेले. मग खेळ. एकानं तुकडा टाकायचा, दुसऱ्यानं त्याला दुसरा जोडायचा, आणि ज्याच्या तुकड्यानं अख्खा धांडा अगदी बरोबर भरेल तो जिंकला. अर्ध्याला तिसरा हिस्सा जोडला की केवढी फट उरते, आणि त्या फटीत सहावा हिस्सा कसा नेमका बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. इतकं सोपं होतं तर इतके दिवस मार कशाला खाल्ला? पण हेडमास्तरांनी ते सगळे तुकडे व्हरांड्यात ठेवायला लावले आणि मधल्या सुट्टीत कुणाची तरी गाय येऊन आमचे अपूर्णांक खाऊन गेली. गुरुजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धांडे, पुन्हा विळा.

चिंचोके फोडून ते आम्हाला अंगणातही खेळवायचे. जमिनीवर राखेनं लांब पट्टा आखलेला, मधल्या घरात शून्य. चिंचोक्याची पांढरी बाजू पडली की पुढे उडी मारायची, काळी पडली की मागे. उणे तीनवर उभं असताना आणखी चार मागे जायचं म्हणजे उणे सातवर, हे लंगडी घालणाऱ्या पायाला जितकं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

पण खरा खेळ होता तो पाटी पालथीचा. पट्टा तोच, मधल्या घरात एक गोटा ठेवलेला. दोघांनी दोन टोकांना समोरासमोर बसायचं. गुरुजी हिशेब सांगणार. पाटीवर उत्तर लिहायचं आणि झालं की पाटी पालथी टाकायची. ज्याची पाटी आधी पडेल त्याचीच बघायची. उत्तर बरोबर असलं तर गोटा एक घर त्याच्याकडे सरकणार, चुकलं तर एक घर समोरच्याकडे जाणार. गोटा ज्याच्या पायाशी पोचेल तो जिंकला. घाई केली तरी मरण, उशीर केला तरी मरण. मला तर त्या खेळाचं वेड लागलं होतं. मेथीच्या जुड्या बांधताना माझ्या मनात हिशेब चाललेले असायचे.

आता आत्याचं सांगायला हवं, कारण तिच्यावाचून हे पुढे सरकणार नाही. माझी आत्या गावातच दिलेली. माझं बारसं झालं तेव्हा नाव तिनंच ठेवलं आणि त्याच दमात सांगून टाकलं की ही माझी सून. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्कच असतो, त्यामुळे कुणी तिला हो-नाही म्हटलं नाही. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता. वयानं मोठा, पण नापास होऊन मागे राहिलेला. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की आमचं ठरलेलं आहे. ठाऊक नव्हतं ते एकट्या गुरुजींना. आणि त्यांनी पाटी पालथीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर त्यालाच बसवलं.

मी त्याला धुऊन काढलं. गोटा एकदासुद्धा त्याच्या बाजूला गेला नाही. मला कळेपर्यंत मागच्या पोरांनी सुरू केलं, "बायकोनं पाडला रे, बायकोनं पाडला!" तो मान खाली घालून उठला. गुरुजींना काही कळलं नाही, ते म्हणाले, "गोंधळ नको, पुढची जोडी."

संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली. आई ओसरीवर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधत होती, मी तिला हाताखाली. आत्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"वयनी, माहा पोट्टा दुपारपासून जेवला नाई. सारे पोट्टे त्याले हासून राह्यले. तुमच्या पोरीले काई समजते का नाई?"

"लहान हाय बाई," आई म्हणाली, "खेळात होऊन गेलं."

"आज खेळात, उद्या घरात. पाच मान्सांत आपल्या मालकाले कोनी खाली पाहाले लावते का?"

मालक! त्या मालकाला सदऱ्याची बटणं सरळ लावता येत नव्हती. मी तोंड उघडणार तोच आईनं माझा हात दाबला. आत्या गेल्यावर आई जुडीवर दोरी गुंडाळत म्हणाली, "तुले येते, मले मालूम हाय. पन त्याच्यासमोर नको येऊ देऊ. दुसऱ्यासंगं जिंक ना, कोन अडवते?"

"पन काहून?"

"काहून म्हन्जे काय? तुले त्या घरी जा लागते. त्याईच्या डोळ्यात आताच कायले खुपाचं?"

आईवर मी फार चिडले. अजूनही चिडते. ती वाईट नव्हती, तिनं आपल्या परीनं माझी पुढची वाट साफ करून ठेवली होती. पण त्या वाटेनं मला जायचं आहे का, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

मग मी हरायला लागले. उगाच काहीबाही लिहून हरता येत नाही, लगेच कळतं. जी चूक माणूस खरोखर करतो तीच करायची. एकदा गुरुजींनी विचारलं, टोपलीतली पाऊण हिस्सा वांगी विकली, उरलेल्यातली निम्मी सडली, शेवटी पाच राहिली, तर टोपलीत होती किती? चाळीस हे माझ्या डोक्यात गुरुजींचं वाक्य संपायच्या आत आलं. मी सडलेली वांगी विसरल्याचं सोंग केलं आणि वीस लिहून पाटी पालथी टाकली. गोटा त्याच्याकडे सरकला. पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या हाताची मूठ वळली होती ती मी परकराखाली लपवली.

गुरुजी वैतागून गेले. दुसऱ्या कुणासमोर बसवलं की मी सरळ जिंकायची, ह्याच्यासमोर बसवलं की माती. त्यांना वाटायचं मी बेफिकीर आहे. "बाकीच्यांपुढे वाघीण असतेस, आणि या एका मुलापुढे तुझं होतं काय?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सांगणार काय? लाज वाटत होती. आणि गुरुजी तर मला सुधारायच्या नादात पुन्हा पुन्हा त्याच्याच समोर बसवत होते. त्या चांगल्या माणसाचाही मला राग यायचा. गणितातलं त्यांना सगळं दिसायचं, आणि पोरं हसतात कशाला एवढं मात्र दिसत नव्हतं.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यानं मला एकदा विहिरीवर गाठलं. त्यांच्या विहिरीवर नवीन ऑइल इंजिन बसवलं होतं आणि शाळा सुटली की तो त्याच्यापाशीच असायचा. हात काळेकुट्ट.

"तू मुद्दाम हारून राह्यली," तो म्हणाला.

"कोन म्हन्ते?"

"मले काय कळत नाई? वांगे विकनारी पोट्टी तू, अन् तुले वांगे मोजता येत नाई?"

"मंग सांग ना तुया मायले."

"सांगतलं. थे आयकतच नाई." त्यानं चिंधीला हात पुसले. "मले त्या शाळेत जाचंच नाई व. सातवी झाली का मी इथंच राह्यतो, इंजिनवर."

तो पोरगा वाईट नव्हता. त्यानं दांडगाई केली असती, माझी वेणी ओढली असती, तर निदान रागवायला कुणीतरी हाताशी मिळालं असतं. इथं जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि मीच तेवढी चुकीची उत्तरं लिहीत होते.

सातवीचं वर्ष संपत आलं. पुढे हायस्कूल म्हणजे कारंजा. कारंज्याला माझी मावशी राहत होती आणि तिनं एक पोर ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. एकच, तिच्याकडे जागाच तेवढी होती. गुरुजी स्वतः मळ्यात आले, बांधावर बसून बाबांशी बोलले. म्हणाले, ही मुलगी पुढे शिकली पाहिजे, हिच्यासारखं डोकं मी पाहिलेलं नाही. बाबांनी वाफ्यातलं गवत उपटून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "गुरुजी, तुमी म्हन्ता तं खरंच असन. पन गावाले दिसलं पायजे. उद्या लोक म्हन्तीन, पोरीले उगाच धाडलं. गॅदरिंगमंधी तुमचा थो पाटीचा खेळ हाय ना? त्याच्यात जिंकली तं मी तिले कारंज्याले धाडतो. शब्द देतो."

मी वांग्यांच्या ओळीत उभी राहून हे कानांनी ऐकलं. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात कारंज्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

गॅदरिंगच्या दिवशी अंगणात सडा घातला होता, पट्टा राखेऐवजी चुन्यानं आखला होता. पुढे जाजमावर गावची बडी मंडळी, शाळा कमिटीचे लोक, बाबा, आत्याचे मालक. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. बायका भिंतीच्या कडेला बसल्या होत्या, त्यात आई आणि आत्या शेजारी शेजारी. एकेक जोडी झाली. मी एकेकाला पाडत गेले. तोही आपल्या बाजूनं जिंकत आला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटत असावं, कारण त्याच्यासमोर बसलेल्या पोरांपैकी निम्मी एवढी माणसं बघून घाबरत होती आणि चुकीच्या पाट्या टाकत होती. शेवटची जोडी आमची.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

सुरुवातीला मी दोन वेळा चुकले. सवयच लागली होती हाताला. गोटा त्याच्या बाजूला गेला. आत्याच्या तोंडावर समाधान पसरलेलं मला इकडून दिसत होतं. मग गुरुजींनी विचारलं, बहुधा मला सावरायला म्हणूनच इतकं सोपं विचारलं, की तीन माणसं एक वाफा चार दिवसांत खुरपतात, तर सहा माणसं किती दिवसांत?

दोन. मी लिहिलं. त्यानंही लिहिलेलं मला दिसलं. आणि मग दोघांपैकी कुणीच पाटी पालथी टाकली नाही.

मी टाकली तर त्याची मान खाली. त्यानं टाकली तर गोटा आणखी त्याच्याकडे सरकणार, आणि त्याला जिंकायचंच नव्हतं. जिंकला तर त्याला हुशार ठरवून शाळेत धाडतील, ही त्याची भीती. आम्ही दोघं छातीशी पाट्या धरून तिथं बसून राहिलो. लोकांत कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "सोपं आहे बाळांनो, रोजचंच आहे." कमिटीतले एक जण मोठ्यानं हसून म्हणाले, "गुरुजी, खेळूखेळू पोट्टे ढ झाले तुमचे. पाढेच बरे होते." गुरुजींचं तोंड उतरलं.

समोरून तो पुटपुटला, "टाक ना व."

मला सगळ्यांचा इतका संताप आला की काय सांगू. आत्याचा, आईचा, त्या हसणाऱ्या माणसाचा, आणि समोर बसून माझ्याकडे भीक मागणाऱ्या त्या पोराचा. मी पाटी अशी आपटली की तिच्या चौकटीची एक पट्टी निघून आली. उत्तर बरोबर होतं. पुढचं विचारलं, आपटली. त्याच्या पुढचं विचारलं, आपटली. मी आईकडे पुन्हा पाहिलं नाही. गोटा मधल्या शून्यावरून माझ्या बाजूला आला आणि येतच राहिला. शेवटी पायाच्या बोटाला लागला तेव्हा तो थंड लागल्याचं मला आठवतं. टाळ्या पडल्या. गुरुजी लहान मुलासारखे हसत होते. समोर तोही हसत होता, त्याची सुटका झाली होती ना. आम्ही दोघंही त्या एका क्षणी खूश होतो. कारंजा माझं होतं आणि इंजिन त्याचं.

मंडळी उठायच्या आधी मामाजी बाबांच्या शेजारी सरकून बसले. मला वाटलं भांडण होणार. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मामाजी हसत होते.

"पोरगी पक्की झाली राजेहो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्याले तं आनंदच हाय, आपल्याच घरात येनार हाय थे. पन हा आमचा पोट्टा पाहा, किती कच्चा हाय. ह्याले शिकवा लागते. तुमच्या साळीकडे कारंज्याले जागा हाय म्हन्ते, तं ह्याले धाडू तिथं."

मी बाबांकडे बघत होते. बाबा अवघडले, मग त्यांनी विचार केला, आणि मला दिसलं की त्यांना ते पटलं. खरोखर पटलं. गुरुजी पुढे धावले. "अहो, पण जिंकली ती आहे! तुम्ही शब्द दिला होता."

"देल्ला होता ना," बाबा शांतपणे म्हणाले. "पन तुमीच म्हन्ता गुरुजी, तिले सारं येते. साऱ्या गावानं पाह्यलं. मंग आता तिले शिकाले काय राह्यलं? ज्याले येत नाई त्याले शाळेत धाडाव का ज्याले येते त्याले?"

इतका गणिताचा माणूस, पण या हिशेबापुढे 'शब्द दिला होता, शब्द दिला होता' एवढंच घोकत राहिला. मी मात्र ओरडले. भर अंगणात ओरडले, की मला जायचंय, मी जिंकले, मला जायचंय. आईनं येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मला घरी नेलं. लोक म्हणाले, पोरगी हुशार आहे पण हट्टी आहे.

जूनमध्ये तो मोटारीनं कारंज्याला गेला. जाताना रडत होता. त्याच्यासोबत मावशीला धाडायची मळ्यातली वांगी काढून दिली ती मीच.

दिवाळीला तो घरी आला तो सुट्टीचा अभ्यास घेऊन. बीजगणित. आमच्या ओसरीवर येऊन त्यानं पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "मले यातलं काईच समजून नाई राह्यलं." मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण पुस्तक उघडल्यावर माझ्यानं ते मिटवेना. अक्षरांचे हिशेब मी पहिल्यांदाच बघत होते, आणि आधीची पानं वाचून वाचून, एकेक पायरी अडखळत, मी ते सगळे सोडवले. त्याच्यासाठी नाही सोडवले. भुकेल्या माणसापुढे दुसऱ्याचं ताट आलं आणि दोन घास घेता आले, तसं माझं झालं. त्यानं ते आपल्या अक्षरात उतरवून घेतले.

तिकडे मास्तरांनी त्याला वर्गात उभं करून शाबासकी दिली. मावशीनं निरोप धाडला, तसा आत्याला आकाश ठेंगणं झालं. पुढच्या खेपेला तो घरी आला तेव्हा आत्या साखर वाटायला निघाली, आणि त्यानं, खरं सांगते, त्यानं तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "माय, थे म्या नाई केलं. तिनं केलं सारं."

आत्या पोट धरून हसली. "पाहा व बायांनो," ती शेजारणींना म्हणाली, "आतापासूनच बायकोची बाजू घेऊन राह्यला."

सगळ्या हसल्या. आईही हसली. मग आत्यानं माझा हात ओढून घेतला आणि होणारी सून म्हणून माझ्या तळहातावर सगळ्यांपेक्षा जास्त साखर ठेवली.